संग्रहालयातला होयबा

आपला मुलगा एक दिवस कुणाला तरी किडनी देऊन बसेल, ही भीती आईच्या मनातून काही केल्या जात नव्हती. कुणी मागायचाच अवकाश, हा विचारणार, "डावी हवी की उजवी?"

वय तेहतीस. नोकरी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याची. हात सफाईदार, तब्येत ठणठणीत, पण समोरच्याला नकार द्यायचा म्हटलं की याची जीभ टाळ्याला चिकटायची. लहानपणी गल्लीतल्या दोन्ही संघांना "येतो" म्हणाला आणि अर्धा वेळ इकडून, अर्धा वेळ तिकडून खेळला. सगळ्यांनी त्याचं नाव होयबा ठेवलं. आईला त्या नावाचा संताप यायचा, पण कुणी तशी हाक मारली की हा खुशाल ओ द्यायचा.

रविवारी होयबा संग्रहालय सांभाळायचा. संग्रहालय म्हणजे पाणीपुरवठ्याच्या जुन्या कार्यालयातल्या दोन खोल्या. चार हौशी माणसांनी घरोघर फिरून जुन्या वस्तू मागून आणल्या आणि तिथे मांडल्या. तिघांची हौस वर्षभरात फिटली, उरला हा. दाराशेजारची तक्रारींची खिडकी तशीच होती. त्यामुळे नळाला पाणी नाही म्हणून लोक अजूनही तिथे येऊन तावातावानं भांडत. हा शांतपणे ऐकून घेई, आणि एकदोघांच्या घरी जाऊन नळाचा वॉशरसुद्धा बदलून आला होता.

गेल्या आठवड्यात पालिकेनं कळवलं, की खोल्या टायपिंगच्या क्लासला हव्या आहेत. रविवारी पालिकेच्या मॅडम तपासणीला येतील. संग्रहालय खरोखर चालतंय असं दिसलं तर ठीक, नाहीतर सोमवारी कुलूप. तेव्हापासून होयबाचं जेवणात लक्ष नव्हतं. बिनमिठाची भाजी त्यानं "छान झालीय" म्हणत संपवली. तसं तो नेहमीच म्हणायचा, पण या वेळी मीठ नाही हे त्याला खरंच कळलं नव्हतं.

रविवारी सकाळीच आई झाडू आणि फडकी घेऊन तिथे हजर झाली. झाडून झालं. मग पुसायला वस्तू शोधू लागली, तर जिकडेतिकडे नुसत्या चिठ्ठ्या. 'खुर्ची सलूनमध्ये आहे. गिऱ्हाईक उठलं की येईल.' 'शिवणयंत्र मावशींकडे. पडदे चालू.' 'बाळं तोलायचा काटा बाळाकडे.'

"अरे, वस्तू कुठायत?"

"येतील गं. ज्यांनी दिल्या त्यांनाच जरा लागल्या."

"हे संग्रहालय आहे की भाड्याच्या सामानाचं दुकान?"

"भाडं कुठे घेतो आपण?"

"तेच म्हणतेय मी! लाव फोन सगळ्यांना."

त्यानं सलूनवाल्या काकांना फोन लावला. "काका, खुर्ची... सावकाश हो, जमलं तरच..." आईनं फोन हिसकावून घेतला. "होयबाची आई बोलतेय. खुर्ची घेऊन या. आत्ता." बाकीचे फोनही तिनंच केले. तिसऱ्या फोनपर्यंत "आत्ता" या शब्दाला चांगली धार आली होती.

तेवढ्यात मॅडम आल्याच. चपला मजबूत, चेहरा कोरा. होयबानं दोन्ही हात पुढे करून मोकळी फरशी दाखवली. "ही आपल्याकडची पहिली फिरती खुर्ची. हँडल मारलं की वर जाते."

मॅडमनी फरशीकडे पाहिलं. "वर गेलेलीच दिसतेय."

आई फडक्यात तोंड लपवून खिडकी पुसू लागली. अख्ख्या खोलीत जागेवर उभी असलेली मोठी वस्तू एकच, रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्याची जुनी शिडी. होयबानं तिची एवढी सविस्तर माहिती सांगितली, की पायऱ्या संपल्या तरी माहिती संपेना.

मग दारात धडपड झाली. सलूनवाले काका खुर्ची ढकलत आत आले. मागोमाग मानेला टॉवेल गुंडाळलेलं, अर्ध्या गालाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक.

"काकू, खुर्ची आणली. आता यांचा उरलेला गाल?"

"बसा," मॅडमच म्हणाल्या. "असे बाहेर जाऊ नका."

गिऱ्हाईक संग्रहालयात बसलं. वस्तरा चालू झाला. मावशी शिवणयंत्र घेऊन आल्या, सुईखाली पडदा तसाच अडकलेला, त्याचं दुसरं टोक रस्त्यावरून लोळत येतंय. काटा आला तो बाळासकट, कारण बाळ त्यात झोपलं होतं आणि उठवायची कुणाची छाती नव्हती. कुणी मॅडमना आपल्या आजोबांनी याच खुर्चीत कशी मिशी गमावली ते सांगू लागलं. दोघे जण तक्रारीच्या खिडकीशी पाण्यासाठी उभे राहिले. होयबा सगळ्यांना "हो, हो" म्हणत फिरत होता.

मॅडमनी वाकून काट्यातल्या बाळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी इतकी संग्रहालयं तपासली. तिथे वस्तू असतात, माणूस औषधालाही नसतं. तुमच्याकडे उलटंच."

"म्हणजे खोल्या राहतील?" होयबाचा आवाज बारीक झाला.

"हे असं चाललं तर वर्षभरात इथे फक्त चिठ्ठ्या उरतील. दाराशी जबाबदार माणूस हवा. लोकांना अडवणारा. उद्या दुपारपर्यंत मला नाव कळवा, खोल्या तुमच्या. नाहीतर कुलूप." त्यांनी आपला नंबर कागदावर लिहून खिडकीत ठेवला.

त्या वळतात न वळतात तोच एक रंगारी आत आला. "होयबा, शिडी नेऊ का रे? छताला दुसरा हात मारायचाय."

"हो, ने की."

"ठेव ती खाली!"

गालावरचा वस्तरा थांबला. आपण ओरडलो हे आईलाही जरा उशिरानंच कळलं.

"काकू, फक्त तासभर..."

"तुझ्या घरी टेबल आहे ना? त्यावर स्टूल ठेव. पडलास तर बघायला येईन."

रंगाऱ्यानं शिडी होती तिथे टेकवली. मॅडमनी आईला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं आणि निघून गेल्या.

संध्याकाळी होयबा घरी आला तो सोफ्यावर कोसळलाच. दाराशी बसायला माणूस शोधत दारोदार फिरून झालं होतं. सलूनवाले काका म्हणाले, रविवारी धंदा असतो. मावशी म्हणाल्या, डोळे दुखतात. जुन्या तिघांनी तर दारातूनच वाटेला लावलं. आई ऐकत राहिली. याच्याकडून वर्षभर हवं ते नेणाऱ्या एकालाही नकार देताना जराही अडखळायला झालं नव्हतं.

"मग आता?"

"आता काय. वस्तू ज्यांच्या त्यांना परत देऊन टाकू." तो हसल्यासारखं करून म्हणाला. "तेवढीच त्यांची सोय."

"मला का नाही विचारलंस?"

"तुझे गुडघे दुखतात, आई. आणि लोक तुझ्यावर चिडतील."

चिडतील, हे खरंच होतं. रंगारी तर तिला बघून रस्ता बदलायला लागला असेल. पण तक्रारीच्या खिडकीमागे खुर्चीवर बसायला गुडघे लागतात कशाला? आणि या पोराला निदान रविवारी तरी कुणी किडनी मागायला आलं, तर आधी ती भेटेल.

शर्ट खुंटीला अडकवून तो तोंड धुवायला आत गेला. आईनं चष्मा लावला, त्याच्या शर्टाच्या खिशातून मॅडमचा कागद काढला, आणि तो बाहेर येऊन "राहू दे गं" म्हणायच्या आत फोन घेऊन दिव्याखाली बसली.