दहा वर्षं व्हरांड्यात

अन्सेल्म बेदोच्या आईचा दगड दहा वर्षं त्याच्या बहिणीच्या, एथनीच्या व्हरांड्यात होता. थडग्यावर बसवायचा, नाव कोरलेला, करडा दगड. आमच्या कॅरियाकू बेटावर माणूस पुरलं म्हणजे काम संपत नाही. दगड बसवून, ढोल वाजवून, गावाला जेवू घातल्याशिवाय मेलेलं माणूस सुटत नाही आणि जिवंतांनाही सुटू देत नाही. त्यात घाई मात्र कुणी करत नाही. ब्रुकलिन, टोरांटो, लंडन, जिथं जिथं मुलं पांगली असतील तिथून ती जमावी लागतात. तोवर दगड घरातल्या माणसासारखा घरात राहतो. एथनी दर रविवारी त्यावर धुतलेली चादर घालायची. पाहुणा येऊन बसला की म्हणायची, "आईकडं पाठ करू नकोस." पाहुणे मुकाट्याने खुर्ची फिरवून घ्यायचे.

दगड थांबला होता अन्सेल्मसाठी. टांटी म्हणजे मावशी; सगळं गाव त्याच्या आईला टांटी सीलिया म्हणायचं, आणि तिचा तो एकुलता मुलगा. दगड त्याच्या हातून बसायला हवा होता आणि तो ब्रुकलिनमध्ये होता, माझ्या खालच्या मजल्यावर.

आम्ही दोघं विंडवर्ड गावचे. त्याचा बाप होड्या बांधायचा. अन्सेल्मने न्यूयॉर्कला येऊन लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं बांधली, पण डोळा होडीवाल्याचाच राहिला. कुठलीही गोष्ट तिरकी असलेली त्याला सोसायची नाही. बापाची पाणसळ, लाकडी पट्टी आणि तिच्या काचेत तो एक बुडबुडा, तो पिशवीत घालून हिंडायचा. चर्चमध्ये एकदा पाद्रीबाबा पापावर बोलत असताना याने व्यासपीठाच्या कडेला ती लावून पाहिली आणि बायकोला, ऊनाला, हळूच सांगितलं, "अर्धा इंच." ऊनाने पुढचे तीन रविवार त्याला मागच्या बाकावर बसवलं.

आता त्या शनिवारबद्दल. १९९४ चा ऑगस्ट, फ्लॅटबुशमधल्या एका अंगणात डॉमिनोचा डाव. बर्फ संपला म्हणून मी कोपऱ्यावर बर्फ आणायला गेलो. परत आलो तर दारात पोलिसांची गाडी. टेबलाखाली गांजाची पुडी सापडली होती. ती कुणाची यावर तीस वर्षं चर्चा चालू आहे. ज्याची होती तो गृहस्थ चर्चेत हिरिरीने भाग घेतो. अन्सेल्मने आयुष्यात साधी सिगारेट ओढली नव्हती, पण पुडी त्याच्या पायाशी होती. कोर्टाने दिलेला वकील त्याला चार मिनिटं भेटला. "हो म्हण, दंड भर, दुपारी घरी जाशील." एका बाईच्या स्वयंपाकघराची कपाटं मंगळवारपर्यंत द्यायची होती. अन्सेल्मने हो म्हटलं. कपाटं वेळेवर झाली.

दोन वर्षांनी माझ्या बायकोने मला ओढत नेऊन नागरिकत्वाच्या रांगेत उभं केलं. अर्जात विचारलं होतं, कधी अटक झाली आहे का? मी 'नाही' लिहिलं. एका बर्फाच्या पिशवीच्या जोरावर. अन्सेल्मकडं कायमच्या वास्तव्याचं कार्ड होतं आणि ते त्याला पुरेसं वाटत होतं. नावातच 'कायमचं' होतं.

१९९९ मध्ये तो एकदा गावी जाऊन आला, कुणी काही विचारलं नाही. मग पुढं विमानतळावरच्या संगणकांना सगळं आठवू लागलं. लेस्टेर गावचा रूपर्ट आईला पुरून परत आला आणि विमानतळावरून घरी न जाता सात महिने कोठडीत राहिला, कुठल्याशा जुन्या भानगडीपायी. ती बातमी आमच्या गल्लीत पसरली त्या दिवशी अन्सेल्मने पासपोर्ट कपाटात टाकला. ते कपाटही त्यानेच केलेलं, दार अगदी बिनआवाज लागणारं.

टांटी सीलिया २०१४ च्या मार्चमध्ये गेली. तेव्हा तो वकिलीणबाईंकडं गेला, मिसेस पिंडरकडं. मीही बरोबर होतो. बाई बहामाच्या, बोलणं एकदम सरळ.

"मिस्टर बेदो, तुम्ही इथं राहिलात तर कायद्याला तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही. एवढ्याशा गांजासाठी कुणी तुम्हाला घालवणार नाही. पण बाहेर जाऊन परत आलात की दारात तुम्ही नवे. आणि नव्या माणसाला त्याच पुडीसाठी आत घेत नाहीत."

"म्हणजे मी घरात असलो तर चांगला माणूस?"

"घरात असलात तर चालण्यासारखे."

"आणि आईला पुरायला गेलो तर?"

"आईला पुरायला जाता येईल. येण्याबद्दल मी बोलतेय."

तो गेला नाही. ऊना गेली. आठवडाभर तो रोज कामावर जात होता आणि रोज संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसत होता. बाईंनी नागरिकत्वाचा अर्ज करायचंही सुचवलं होतं. पण अर्ज करणं म्हणजे झोपलेल्या सरकारला स्वतःहून हलवून उठवणं, असं आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाचं मत होतं. प्रत्येकाने ते अन्सेल्मला सांगितलं. त्यात मीही होतो.

मग दगड आला. एथनीने नाव कोरून घेतलं, चादर घातली आणि दर ईस्टरच्या आधी ती फोन करायची.

"या वर्षी?"

"पुढच्या वर्षी, एथनी. नक्की."

"मागच्या वर्षीही पुढच्याच वर्षी होतं."

२०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्याला साक्षात्कार झाला की गांजा हा गुन्हा नाही. चर्च अव्हेन्यूवर त्याची दुकानं निघाली, काचेची, मंद दिव्यांची. जुने खटले पुसून टाकले गेले. ज्याला हवं त्याने अर्ज करावा, कागद कायमचे नष्ट करू, असंही सरकारने कळवलं. अन्सेल्मने अर्ज केला. नष्ट झाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी त्याने आमच्या सगळ्या इमारतीला मासळीचं कालवण घातलं. विमानाचं तिकीटही काढलं. तिकीट खिशात ठेवून तो मिसेस पिंडरला आनंदाची बातमी द्यायला गेला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कागद नष्ट करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सरकारनं."

"त्या सरकारनं. दुसरं सरकार आहे, सगळ्या देशाचं, ते दारात उभं असतं. त्याला हे पुसणं-बिसणं मान्य नाही. तुमच्या बोटांचे ठसे त्याच्याकडं आहेत, अटकेची तारीखही. ते विचारणार, पुढं काय झालं, कोर्टाचा कागद दाखवा. पुडी किती लहान होती हे सांगणारा जगात एकच कागद होता, मिस्टर बेदो. तोच तुम्ही जाळायला लावलात."

"म्हणजे गुन्हा गेला आणि अटक राहिली?"

"अगदी बरोबर सांगितलंत."

बाहेर येऊन तो मला म्हणाला, "कोंपे, इतकी वर्षं मी त्या कागदाला भीत होतो. तोच माझ्या बाजूचा निघाला." कोंपे म्हणजे मी त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून. त्याने तिकीट परत केलं. एथनीला सांगितलं, पुढच्या वर्षी.

२०२४ च्या जुलैमध्ये वादळ आलं. बेटावर छपरं म्हणून काही राहिलं नाही. एथनीच्या घराच्या तीन भिंती उरल्या. व्हरांडा गेला, खुर्च्या गेल्या, चादर गेली, दगड मात्र होता तिथंच होता. चार दिवसांनी तिचा फोन लागला.

"आई जागची हलली नाही," ती म्हणाली. "पण आता ती पावसात बसलीय, अन्सेल्म. मी एकाहत्तरची झाले. ईस्टरला दगड बसवणार. तू ये नाहीतर नको येऊ. पुढच्या वर्षी हा शब्द मला ऐकवलास तर फोन ठेवीन."

त्याने तो शब्द ऐकवला नाही. त्यालाही छत्तीस ठिकाणी दुखायला लागलं होतं, आणि पुढच्या वर्षाचा भरवसा त्याच्यापाशीही फारसा नव्हता. जाऊ की नको, एवढाच प्रश्न होता आणि तो नऊ महिने चालला. गेला तर आईचा दगड मुलाच्या हातून बसेल, पण ब्रुकलिनचं दार बहुधा बंद होईल. आणि दाराच्या आत ऊना होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत. तिला नेणारा-आणणारा हाच.

ऊना म्हणायची, "जा की. मी टॅक्सीनं जाईन."

"तुला टॅक्सीत ओकारी येते."

"तीस वर्षं तुझ्या व्हॅनमध्येही येते."

फेब्रुवारीत त्याने बॅग भरली. मार्चमध्ये मी वर जाताना पाहिलं तर बॅग दारात तशीच. ईस्टरच्या आधीच्या सोमवारी तो वर आला आणि त्याने बापाची पाणसळ माझ्या टेबलावर ठेवली. फडक्यात गुंडाळलेली.

"तुझं तिकीट आहेच," तो म्हणाला. "तिकडचे गवंडी डोळ्यानं मोजतात. आई आयुष्यभर सरळ चालली. तिरकी नको झोपायला."

विमानतळावर माझा निळा अमेरिकी पासपोर्ट पाहून कुणी काही विचारलं नाही. फडक्यातली पट्टी मात्र उघडून पाहिली.

दगड शनिवारी दुपारी बसला. दफनभूमी टेकडीवर, खाली समुद्र, वादळाने वाळूत फेकलेल्या होड्या अजून तशाच. गवंडी ओथनीएल, वय साठ, नाक फुगवून उभा. मी एका हातात फोन धरला, दुसऱ्या हाताने पाणसळ दगडावर ठेवली. पडद्यावर अन्सेल्म होता, ब्रुकलिनच्या स्वयंपाकघरात, कोट-टाय घालून.

"बुडबुडा दाखव. जवळ. अजून जवळ, मला तुझा अंगठा नकोय."

दाखवला.

"समुद्राच्या बाजूला उतरलाय. ओथनीएल, डोंगराकडची कड दाब."

"चाळीस वर्षं दगड बसवतोय मी," ओथनीएल म्हणाला. "एकही मुडदा तक्रार घेऊन आला नाही."

"येईल. तू दाब."

ओथनीएलने दाबली. बुडबुडा सरकला, थबकला, दोन रेघांच्या मधे येऊन बसला. अन्सेल्म म्हणाला, "हं. आता सिमेंट."

पहिलं थापीभर सिमेंट मुलाने घालायचं असतं. ते मी घातलं. एथनी माझ्याकडं बघत नव्हती.

संध्याकाळी एथनीच्या घरात, ताडपत्रीच्या छपराखाली, आतल्या खोलीत ताट मांडलं गेलं. ते पूर्वजांचं टेबल. पांढरं कापड, मेणबत्ती, मक्याच्या पिठाचे गोळे, भाताचे गोळे, शेळीचं मटण, रमचा एक पेला. त्या जेवणात मीठ नसतं, कारण मेलेल्यांना मीठ चालत नाही. जिवंतांचं जेवण वेगळ्या पातेल्यात, मीठ घालून, अंगणात. आतल्या टेबलाला मध्यरात्रीपर्यंत कुणी हात लावत नाही. अंगणात ढोल सुरू झाले होते.

अन्सेल्म म्हणाला, "कोंपे, आत ने. ताट बघायचंय."

मी फोन आत नेला आणि टेबलावरून हळूहळू फिरवला. बापाची बशी, आईची बशी, आजीची बशी. आणि कडेला आणखी एक, निळ्या काठाची, लहानपणी तो जिच्यातून जेवायचा ती. वादळातून वाचलेली. भरलेली.

"ती कुणाची?"

एथनी माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. "तुझी. बाहेर ठेवली असती तर या हावऱ्या पोरांनी फस्त केली असती. इथं कुणी हात लावत नाही म्हणून ठेवली. तुझा वाटा आहे तो."

अन्सेल्म पडद्यातून त्या बशीकडं पाहत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, आपण बाजारात विचारतो तसं, त्याने विचारलं, "मीठ घातलंस का त्यात?"

एथनीने बशीकडं पाहिलं. सकाळपासून ती पन्नास माणसांना सांभाळत होती. बशी भरायला घेतली तेव्हा जवळ कुठलं पातेलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते आठवताना पाहिलं.

"घातलं ना," ती म्हणाली. "तू काय मेलायस?"

"कोंपे, तू चाखून सांग."

त्या टेबलावरचं काही चाखायचं नसतं, हे तो जाणत होता, मीही जाणत होतो. मी बोटाने गोळ्याचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. मका, धूर, थोडी चरबी. मीठ नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "जरा जास्तच पडलंय."

अन्सेल्मने टाय सैल केला.

"एथनीचा हात पहिल्यापासून खारटच," तो म्हणाला. मागून ऊनाची हाक आली, आणि त्याने फोन ठेवला.