माणिकरावांनी फोडलेला नारळ

वंदनाच्या गल्लीत एक रीत होती. घराच्या पायाची पहिली कुदळ मारताना नारळ शेजाऱ्याच्या हातून फोडायचा, आणि ज्यानं तो फोडला त्यानं पुढं त्या बांधकामावर ब्र काढायचा नाही. कागदापेक्षा नारळ मोठा, असं तिथली म्हातारी माणसं म्हणत. बी.ए. झालेल्या वंदनालाही ते पटलेलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या माणिकरावांनी जिना थेट हद्दीवर घेतला. नवरा शेषराव तेव्हाही, आतासारखाच, खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला राहायचा, म्हणून नारळ वंदनानंच फोडला. नियमानं सोडायची पाच फूट जागा त्या जिन्याखाली गेली. ती बोलली नाही.

आता तिला आपल्या बाजूची पाच फूट हवी होती. मुलगी अपेक्षा एकोणीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून; दार असं अरुंद की चाकाची खुर्ची बाहेरच राहते. दिवसातून चार वेळा वंदना तिला उचलते. स्वतःचं वय त्रेपन्न. आपली कंबर बसल्यावर पोरीला कोण उचलेल, ही तिची धास्ती होती. मागं बोअर आणि टाकी. अपेक्षाच्या खोलीला लागून न्हाणी-संडास काढायला बाजूचा मोकळा पट्टा तेवढा होता.

गल्लीत सगळे आधी बांधतात, नोटीस आली तर मग बघतात. वंदना नियमानं गेली. पालिकेत नकाशा दिला, मोकळ्या जागेत सवलत मागितली, डॉक्टरांचा दाखला जोडला. ‘शेजाऱ्याची संमती’ या रकान्यात तिनं बेधडक ‘आहे’ असं लिहिलं. आदल्याच गुरुवारी माणिकरावांनी नारळ फोडला होता ना!

“वयनी, निवांत बांधा. पोरीचं काम हाय, पुण्य लागते,” असं म्हणत त्यांनी दोन वाट्या शिरा खाल्ला होता.

पंधरा दिवसांनी पालिकेचे इंजिनिअर पाहणीला आले. टेप लावून झाल्यावर त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. माणिकरावांची लेखी हरकत: जिन्यातल्या खिडकीचा उजेड अडतो.

“पण त्यांनी नारळ फोडला!” वंदना बोलून गेली.

साहेबांना हसू आवरेना. “मॅडम, नारळाची पोच घेतली का?”

“आणि त्यांचा जिना? तो तर हद्दीवरच आहे.”

“त्यांनी कुठं अर्ज केलाय? तुम्ही विचारलं, म्हणून तुमचं मोजलं. तक्रार करायची तर वेगळी द्या.”

संध्याकाळी तिनं माणिकरावांना कुंपणाशी गाठलं. “काऊन केलं असं, भाऊजी?”

“नारळ आमी मनापासून फोडला, वयनी. पण उद्या घर इकाचं झालं त उजेड पाह्यतेत लोक. आन पोरीसाठी काय बांधता? पोरगी परक्याची असते.”

दारातून अपेक्षा ओरडली, “माय, काकाले विचार, नवरदेव उचलून नेईन का मले?”

माणिकराव खाकरले आणि आत गेले.

तक्रारीचा कागद वंदनानं भरला, पण गव्हाच्या कोठीमागं ठेवून दिला. ती बँकेत, बाजारात गेली की अपेक्षाला उचलायला माणिकरावांची बायको गोजरबाई यायची. न सांगता यायची. तक्रारीनं फार तर जिना पडला असता. न्हाणी उभी राहिली नसती आणि गोजरबाई तेवढी गेली असती.

नकाराचं पत्र आलं. कडूबा मिस्त्रीनं कुदळीचा खड्डा बुजवला आणि मजुरी घेतली नाही.

दिवाळी झाल्यावर माणिकराव हसत दारात उभे. “मांगं गाडीसाठी शेड काढून राह्यलो. उद्या कुदळ मारतो. नारळ तुमच्याच हातचा, वयनी. तुमचा हात लाभते आमाले.”

परवानगी घेतली का, हे तिनं विचारलं नाही.

“नाही जमत, भाऊजी,” ती म्हणाली. “माहे हात मोकळे नाहीत.”

आतून अपेक्षानं हाक मारली. वंदनानं वाकून तिला उचललं आणि माणिकरावांच्या देखत तीन पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवसापासून गोजरबाई आली नाही.