फोरमनच्या बायकोची सुट्टी

फोरमनला खेकडा जीव की प्राण, पण बोटं बरबटलेली त्याला खपत नसत. वर्षभर छापखान्यात शाईत हात घालणारा माणूस, सुट्टीवर आला की त्याला हात स्वच्छ हवे असत. म्हणून त्याचा खेकडा बायको सोलायची.

दरवर्षी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी छापखाना बंद राही. तेवढ्या दिवसांत ही मंडळी समुद्राकाठच्या एकाच गावी जात, एकाच खानावळीत जेवत. बंदराच्या धक्क्याला लागून ती खानावळ होती. लोखंडी खुर्च्या, मेणकापड घातलेली टेबलं, खाली पाण्यात होड्यांचं एकमेकींवर आपटणं. फोरमन बसल्याबसल्या मालकाला हाक मारी, "एक मोठा खेकडा, पोराला तळलेली कोळंबी, आणि हिला भात आणि काहीतरी द्या." ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा माशाचं डोकं.

खेकडा आला की ताट तिच्यासमोर सरकायचं. नांग्या फोडायच्या, पाय मोडायचे, पोकळ नळ्यांतून गर काढायचा, कवचाची कपची राहिली नाही ना हे बोटांनी चाचपायचं आणि पांढरा गर त्याच्या ताटलीत रचायचा. तो एकीकडे खात असे, एकीकडे शेजारच्या टेबलाशी गप्पा मारत असे. कवचाच्या कडांनी तिची बोटं चिरत आणि लिंबाचा रस लागला की डोळ्यांत टचकन पाणी येई. तिचा भात गार होऊन त्याचा गोळा झालेला असे.

एकदा, मुलगा शाळेत जायला लागला तेव्हाची गोष्ट. सोलता सोलता नांगीतला एक अख्खा तुकडा तिने स्वतःच्या तोंडात टाकला. का टाकला, तिचं तिलाही कळलं नाही. फोरमनने बोलणं थांबवलं.

"ए," तो म्हणाला. लग्नापासून तो तिला एवढीच हाक मारायचा. "तोंडात काय आहे? काढ."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने ताटली पुढे धरली होती आणि तो थांबून राहिला होता. तिने तुकडा काढून ताटलीत ठेवला. "लक्ष ठेवा हो हिच्यावर," फोरमन मालकाला ओरडून म्हणाला, "घरात चोर पाळलाय आम्ही!" सगळी खानावळ हसली. मुलगाही टाळ्या पिटून हसला. ती पण हसली, कारण न हसणं त्याहून अवघड होतं.

पुढे दरवर्षी तो विनोद झाला. खानावळीच्या पायऱ्या चढतानाच मालक विचारायचा, "काय फोरमनसाहेब, चोराला आणलंत का?" आणि फोरमन पोट धरून हसायचा.

तिची स्वतःची नोकरी इस्पितळाच्या धोबीखान्यात होती. वाफेच्या मोठ्या रुळांतून चादरी काढायच्या, घड्या घालायच्या, मजल्यामजल्यावर पाठवायच्या. तिने घातलेली घडी सुरीच्या पात्यासारखी असे, म्हणून तिथल्या बाया तिला कडकबाई म्हणत. तिच्या तोंडून कडक शब्द कधी निघाला नव्हता, म्हणून तर ते नाव जास्तच चिकटलं. "कडकबाई, एकदा तरी शिवी दे ग कुणाला," बाया म्हणायच्या. ती मान खाली घालून पुढची चादर ओढायची.

ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी फोरमनला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं, सगळ्या शब्दांतून एकच तेवढा उरला: "ए." भूक लागली की ए, कूस बदलायची की ए, राग आला की ए. भेटायला येणाऱ्यांना फार वाईट वाटे. तिला मात्र त्याच्या बोलण्यात विशेष फरक पडलेला जाणवला नाही.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांचं गिळणं बिघडलंय. वाटून, गाळून, घट्ट केलेलंच द्यायचं. अख्खा घास श्वासनळीत गेला तर फुप्फुसात जाईल, मग आमच्या हातात काही नाही." तेव्हापासून ती सगळं वाटत होती. भात वाटायची, भाज्या वाटायची, फळं वाटायची. सगळ्याला शेवटी एकच करडा रंग यायचा. चमचा चमचा भरवून तोंड पुसायची. तिने कशातही कसूर केली नाही, हे शेजारीपाजारी कुणीही सांगेल.

आणि एके दिवशी तिने मुलाला फोन करून सांगितलं, "यांना समुद्रावर घेऊन जाते. नेहमीच्या ठिकाणी."

"आई, किती करशील ग त्यांच्यासाठी! झेपेल का तुला?"

"झेपेल," ती म्हणाली.

तिच्या मनात तेव्हा काय होतं, हे तिलाही धड सांगता आलं नसतं. पण बॅग भरताना तिने त्याच्यासाठी वाटलेल्या अन्नाचे डबे भरले आणि स्वतःसाठी एकही डबा भरला नाही.

खानावळ तशीच होती. मालकाचे केस पांढरे झाले होते. चाकांच्या खुर्चीतला फोरमन पाहून तो क्षणभर चरकला, मग वातावरण हलकं करावं म्हणून बिचारा सवयीने म्हणाला, "काय फोरमनसाहेब, चोराला आणलंत का?"

फोरमनचा अर्धा चेहरा हसला. "ए," तो म्हणाला.

"आणलंय," ती म्हणाली. "एक खेकडा द्या. सगळ्यांत मोठा. लोण्यात परतलेला. कोळंबीची एक ताटली. आणि पहाटेच्या होडीचा काय ताजा मासा असेल तो, मधला तुकडा."

"साहेबांना चालेल ना?"

"साहेबांचं मी घरून आणलंय." तिने करडा डबा टेबलावर ठेवला.

त्याची खुर्ची तिने अगदी समोर, हाताच्या अंतरावर लावली आणि चाकांना खिटी घातली. आधी त्याला भरवलं. पुसलं. मग बाह्या वर केल्या.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिने सोललेलं स्वतः खाल्लं. नांगी फोडली, अख्खा गर निघाला, तो लोण्यात बुडवला आणि तोंडात टाकला. गोड, खारट, मऊ. तिचे डोळे मिटले. इतकी वर्षं हे आपल्या बोटांतून जात होतं आणि आपल्याला याची चव माहीत नव्हती, या विचाराने तिला हसू आलं. मग ते हसू कुठल्या कुठे गेलं.

फोरमन बघत होता. त्याच्या ओठाच्या मेल्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. "ए," तो म्हणाला. मग मोठ्याने, "ए!"

"गरम आहे," ती शांतपणे म्हणाली, "आणि फार छान झालंय. तुम्ही म्हणायचात ना, पायातला गर जास्त गोड? खोटं. नांगीतला जास्त गोड." आणि तिने पुढचा तुकडा त्याच्या नाकासमोरून, मुद्दाम सावकाश, तोंडाकडे नेला.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला कौतुक वाटलं. "किती गप्पा मारता त्यांच्याशी," ती म्हणाली. "माणसाला तेवढंच लागतं हो."

"हो ना," कडकबाई म्हणाली.

दुपारी खेकडा, संध्याकाळी कालवं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला घाई नव्हती. काय काय मागवलंय ते त्याला सांगे, कशाला किती वेळ शिजवलंय ते मालकाला विचारून त्याच्या कानात सांगे. त्याने मान फिरवली की खुर्ची फिरवे. दुसऱ्या संध्याकाळी तो रडला, आवाज न करता. तिने त्याचे डोळे पुसले आणि उरलेली कोळंबी संपवली. बरं वाटत होतं. पोटात नाही, त्याच्याही खाली कुठेतरी, इतक्या वर्षांची आवळलेली गाठ सैल होत होती. हे थांबवावं, असं तिला एकदाही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगा आणि सून न सांगता येऊन धडकले. "म्हटलं, आईला जरा आराम," मुलगा म्हणाला. त्याने सगळ्यांना खानावळीत नेलं, वडिलांची खुर्ची टेबलाच्या टोकाला लावली आणि पसरून बसला. अंगापिंडाने तो बापावरच गेला होता.

"आपण सगळ्यांनी आज बाबांच्या आवडीचं खायचं," तो म्हणाला. "दोन मोठे खेकडे!"

खेकडे आले. एक आईसमोर ठेवला. दुसरा त्याने बोटाच्या टोकाने बायकोकडे सरकवला. "जरा सोलून दे ग. हाताला वास राहतो."

सुनेने बांगड्या मागे सारल्या. नवी होती, लग्नाला दोनच वर्षं झाली होती. तिला नांगी फोडता येईना. कवच निसटून तिच्या बोटात घुसलं. "अगं, चुरा करू नकोस," मुलगा म्हणाला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो उठून कठड्यापाशी गेला. सून मान घालून सोलत राहिली. सोललेल्या गराची ताटली टेबलाच्या टोकाशी होती.

कडकबाईने वर पाहिलं तेव्हा फोरमनचा डावा, चांगला हात त्या ताटलीत होता. त्याने मूठ भरली. मूठ तोंडाशी नेली. कोंबली. गाल फुगले, जबडा हलू लागला. तिची आणि त्याची नजरानजर झाली.

ओरडायला पुरेसा वेळ होता. हात पुढे करून तोंडातलं काढायला तर नक्कीच होता. रोज ती तेच तर करत होती, टिश्यू गुंडाळलेल्या बोटाने. तिने नजर आपल्या ताटाकडे वळवली, नांगी उचलली आणि फोडली.

त्याच वेळी सुनेने मान वर केली. सासूची वळणारी नजर तिने पाहिली. ती कुठून वळली, तेही पाहिलं.

"बाबा!" सून किंचाळली.

मग एकच गोंधळ. फोरमनचा चेहरा जांभळा पडला. मालकाने धावत येऊन पाठीत दणके घातले, मुलाने फोन टाकून बापाच्या तोंडात बोटं घातली. थोडं बाहेर आलं, बरंच आत गेलं. रुग्णवाहिका आली. कडकबाई सगळ्यांच्या मागून चालत गेली. हात धुवायचे राहून गेले होते.

इस्पितळात मुलगा डॉक्टरांशी बोलायला आत गेला. बाहेर बाकावर दोघी उरल्या. सुनेच्या बोटाला रुमाल बांधला होता.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही पाहिलं होतंत."

"हो."

"मग?"

कडकबाईने थोडा विचार केला. खोटं बोलायचं असतं तर सोपं होतं. "मला बघायचं होतं," ती म्हणाली, "त्यांना किती आवडतं ते."

सून बाकावरून उठली आणि पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली.

फोरमन वाचला, पण नाकात नळी घालून घरी आला. फुप्फुसं सुधारली नाहीत. उरलेले आठवडे बायकोने त्याची सेवा केली, अशी की येणाऱ्यांनी हात जोडावेत. त्याच्या चादरीला सुरकुती नव्हती, पाठीवर एक फोड नव्हता. नळीतून दूध जाताना तो तिच्याकडे पाहत राही. आता तो "ए" पण म्हणत नव्हता. एका सकाळी चादर बदलतानाच तो गेला.

लोक भेटायला आले. "शेवटी समुद्र दाखवलात, आवडीच्या जागी नेलंत," ते म्हणाले. "कोण करतं हो एवढं!" ती डोकं हलवत होती. सून चहाचे पेले गोळा करत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

महिन्याभराने मुलगा आणि सून तिला न्यायला आले. मुलाने येतानाच रिकामी बॅग आणली होती. "आता एकटी राहायचं नाही," तो म्हणाला. "आमची मागची खोली रिकामीच आहे."

सून दारातच उभी होती. "नको," ती एकदम म्हणाली.

"काय नको?"

"आईंनी आपल्याकडे यायला नको."

मुलाचा चेहरा लाल झाला. "काय बोलतेस तू? माझ्या आईने काय काय केलंय, डोळ्यांनी बघितलंस ना? कारण सांग!"

सुनेच्या ओठांवर कारण आलं होतं. कडकबाईला ते दिसलं. पण सुनेने ते गिळलं; कशासाठी, कोणासाठी, हे कडकबाईला कधी कळलं नाही. तिला एवढंच दिसलं, की ही मुलगी आपल्याला घाबरते आहे, आणि आपल्या मुलालाही.

"मीच येत नाही," कडकबाई म्हणाली. "मला माझं घर आहे."

"बघ, तुझ्यामुळे!" मुलगा बायकोवर खेकसला. "ए, ऐकतेस का? तुझ्यामुळे!"

"तिच्याशी त्या आवाजात बोलू नकोस," आई म्हणाली.

तो खरोखर गोंधळला. त्याने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि हसला.

"कोणत्या आवाजात?"

ती दोघं जिना उतरली; तो पुढे, मोठमोठ्याने बोलत, ती मागे रिकामी बॅग घेऊन. कडकबाईने दार लावून घेतलं आणि बराच वेळ हात कडीवरच ठेवून उभी राहिली.