पोस्टातल्या तीन शेळ्या

किस्से काही कुणी गोळा करत नाही. गवतातून चालत गेलं की लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे ते आपसूक चिकटतात. आमचं गवत म्हणजे गावचं पोस्ट! बाजाराच्या दिवशी गया, सोनाबाई आणि मी, तिघी म्हाताऱ्या पायरीवर जाऊन बसतो. पैसा आत ठेवलाय, मग त्याच्यावर नजर नको का?

*

आम्हांला मोजता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. म्हणून जे विकून पैसा ठेवला, त्याच नावानं तो ओळखायचा. माझी म्हैस, सोनाबाईची तूर आणि गयाच्या तीन शेळ्या.

एकदा खिडकीवर नवी पोरगी आली. गयानं पासबुक पुढं सरकवलं.

"माझ्या तीन शेळ्या बऱ्या हायेत का बघ गं."

पोरगी गडबडली. "आजी, जनावरांचा दवाखाना पलीकडे आहे!"

गया माझ्याकडं वळली. "बघ कशी टाळती. खाल्ली असंल एखादी!"

*

सोनाबाई तर गयाच्याही वरची. तुरीचे पैसे भरताना तिनं नोटेनोटेच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं होतं. मुदत संपल्यावर नोटा हातात आल्या, तशी तिनं एकेक उलटून पाहिली.

"ह्या माझ्या न्हाईत. हळद कुठंय?"

"आजी, तुम्ही भरल्या त्याच्यापेक्षा जास्तच आहेत," पोरगी म्हणाली.

"जास्त? न मागता जास्त देती व्हय? काय झाकायचंय तुमाला?"

तिथून ती तडक अडत्याकडं गेली आणि तुरीचा भाव विचारून आली. विकली होती चार पोती, आता सगळ्या नोटा देऊन साडेतीनही येईनात! परत येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "अर्धं पोतं झाकत हुते बाई!"

*

माझं म्हणाल, तर मी अजून पैसे काढलेले नाहीत. पण दर आठवड्याला तिसगावच्या गुरांच्या बाजारात जाऊन म्हशींचा भाव विचारते. व्यापारी कावला.

"आजी, घ्यायची न्हाई तर रोज इचारता कशापायी?"

म्हटलं, "तुझी नको रं बाबा. पोस्टातली माझी म्हैस किती वाळली ते बघतीया!"

*

आता गयाचं ऐका. तिचा लेक आणि सून दरसाल ऊस तोडायला जातात, आणि ही म्हातारी मोळ्या बांधायला बरोबर. पाच वर्षांमागं शेळ्या सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून तिन्ही विकल्या. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, ठेव सुटली की पुन्हा तीन घ्यायच्या आणि घरीच राहायचं. यंदा तर कंबर पार गेली होती.

ठेव सुटायच्या आदल्या बाजारी तिनं शेळीचा भाव काढला. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांसमोर नोटा मोजल्या, परत मोजल्या.

"साहेब, ह्या दोन शेळ्या झाल्या. तिसरी कुठंय?"

"अहो आजी, व्याजासकट दिलेत. महागाई वाढली, त्याला मी काय करू?"

"महागाई माझ्या चुलीपाशी येती, ते म्हाईत हाय मला. तिला तुमच्या तिजोरीची किल्ली कुनी दिली?"

साहेबांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवता का?"

"ठेवते की! तिनाच्या दोन झाल्या. पाच वर्सांनी एक हुईल, मग तुमी मला नुसतं दावं द्या!" असं म्हणत तिनं नोटा कनवटीला बांधल्या.

*

दसरा झाला. ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वाटून गेला. गाडी भरायच्या दिवशी लेक गयाच्या दारात उभा.

"आये, दोन शेळ्यांवर काय भागनार हाय तुजं? चल, बस गाडीत."

"तिनावर भागलं असतं, तर दोनावर निम्म्या भाकरीत भागवीन. तू जा."

गाडी गेली. गया राहिली.

पुढच्या बाजारी शेळ्या घेताना व्यापारी म्हणाला, दोन्ही गाभण हायेत. गयानं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. खाली बसून दोन्हींची पोटं स्वतः चाचपली, कासा बघितल्या, तेव्हा कुठं कनवटीची गाठ सोडली. तिथून शेळ्या हाकत थेट पोस्टात आली आणि दोन्ही खिडकीच्या गजाला बांधल्या.

पोरगी किंचाळली. पोस्टमास्तर धावत बाहेर आले.

"आजी, हे काय?"

"व्याज दावायला आनलंय साहेब. हात लावून बघा, पोटात हलतंय."

साहेबांनी मागं वळून पाहिलं. पोरगी आत गेलेली बघून जरा जवळ आले. आमचे साहेब येत्या वर्षी रिटायर होणार, सगळी पुंजी ह्याच पोस्टात. एका शेळीच्या पाठीवर हात फिरवत हळूच म्हणाले, "पहिलं करडू झालं की मला सांगाल का? पैसे आत्ताच देऊन ठेवतो."

गयानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"करडू देईन की. पर पैसे आत्ता नको साहेब. ज्या दिशी न्याल, त्या दिशीचा भाव!"