नऊ वाजून दहा मिनिटांची अक्षता

पिक्चरची जाहिरात लग्नपत्रिकेसारखी छापायची, ही अक्कल माझीच. ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

बावीस वर्षं मी सोलापुरात लग्नांचं शूटिंग केलं. मराठी, कन्नड, तेलुगू लग्नं, निकाह, जे येईल ते. कुठल्या घरात नवरीची आई कधी रडणार हे मला कॅमेरा लावायच्या आधीच कळायचं. एवढं करून मी कधी स्वतःला सिनेमावाला समजलो नाही. मग माझी भाची पुण्याला सिनेमाचं शिकून आली आणि दुकानात बसून म्हणाली, "मामा, मोठ्या कंपन्या जे भाड्यानं आणतात ते सगळं तुमच्या कपाटात पडलंय. कॅमेरा आहे, लाइट आहेत, एडिटिंगचं मशीन आहे. आपण पिक्चर का नाही करत?"

मी हसलो. बायको हसली नाही. ती म्हणाली, "लग्नसराई संपली की दोन महिने तुम्ही नुसते घरात येरझारा घालता आणि माझं डोकं खाता. त्यापेक्षा करा की पिक्चर." अशा रीतीनं मी निर्माता झालो. बायकोनं घराबाहेर काढला म्हणून!

गोष्ट साधी होती. एका मेंढपाळ बाईची एक मेंढी संध्याकाळी कळपात दिसत नाही, आणि ती दुसरा अख्खा दिवस तिला शोधत हिंडते. बस्स. नटी शोधायला म्हणून आम्ही मंद्रूपच्या पलीकडच्या एका वस्तीवर गेलो आणि मेंढ्या राखणारी खरी बाईच घेऊन बसलो. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला अण्णा. पहिल्याच दिवशी भाचीनं तिला संवाद वाचून दाखवला, "माझी मेंढी कुठे असेल कोण जाणे." अक्कानं तोंडावर पदर घेतला आणि पोट धरून हसली. "असं कोन बोलतंय व्हय गं? मेंडरू गावना म्हनल्यावर कोन जाने कशाला म्हनंल? शिव्या घालंल की!" भाचीनं तिथल्या तिथं कागद फाडला. त्यानंतर अक्का जे बोलली ते तिचंच. माणसांशी मराठी, मेंढरांशी कन्नड. मी विचारलं असं का, तर म्हणाली, "त्यास्नी मराटी कुटं येतंय?"

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "अण्णा, ह्ये मला कवा दिसनार?" ती आयुष्यात थेटरात गेली नव्हती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पहिल्या दिवशी, पहिला शो, सगळ्यांत मोठ्या पडद्यावर. तुम्ही मधल्या खुर्चीत बसायचं." बोलून गेलो. लग्नातले लोक पण असंच बोलतात, पोरगी आमच्या घरात राणीसारखी राहील म्हणून.

पिक्चर करणं आता खरंच अवघड राहिलेलं नाही. चांगला कॅमेरा माझ्यासारख्याच्या दुकानात असतो, आणि गोष्टी तर आपल्याकडं पावलोपावली आहेत. मुंबई-पुण्याला न जाता, कुणाच्या दारात न उभं राहता, आपल्या माणसांचं आपल्या बोलीत काही करता येतं. माझ्या तरुणपणी हे स्वप्नात पण नव्हतं. पण तयार झालेला पिक्चर कुणाला दाखवायचा म्हटलं की सगळी दारं बंद.

मुंबईत थेटरांना पिक्चर पुरवणाऱ्या एका ऑफिसात आम्हाला अर्धा तास दिला. तिथल्या तरुण साहेबानं दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "छानच आहे. पण चेहरा कोण?" मी म्हणालो, "ह्याच की. दिसतात ना?" तो हसला. त्या धंद्यात चेहरा म्हणजे लोकांनी आधीच पाहिलेला चेहरा, हे भाचीनं मला जिन्यात समजावून सांगितलं. माझं डोकंच फिरलं. "मग हा काय चेहरा नाही, मडकं आहे का?" असं मी जिन्यात ओरडलो. आत ओरडायला हवं होतं. आत मी सगळ्यांना धन्यवाद म्हणून आलो होतो. दुसऱ्या एका ठिकाणी अर्जात भाषा एकच लिहायची सोय होती. भाचीनं मराठी लिहिलं, तर तिकडून विचारणा आली, मधली वाक्यं समजत नाहीत, आवाजात बिघाड आहे का? बिघाड! बाई मेंढरांना हाक मारत होती.

असं करत वर्ष गेलं. शेवटी आमच्याच गावातल्या एका थेटराच्या मॅनेजरनं आठवडाभर रोज एक शो दिला. सकाळचा, नऊ वाजून दहा मिनिटांचा. त्या वेळेला कोण पिक्चर बघतं? पण मी त्याचे हात धरले. शुक्रवारी सुरू होणार होता. मी लगेच अक्काला फोन केला, तर ती आधी वार मोजायला लागली. मग म्हणाली, "शनवारी पहाटं मेंडरं हलत्यात, अण्णा." दरवर्षी ते लोक कळप घेऊन भीमेपलीकडं जातात, लेंडीखतासाठी लोकांच्या शेतात मेंढ्या बसवायला. थेटराचं बोलणं चाललंय म्हणून अक्काच्या घरच्यांनी ते जाणं आधीच आठ दिवस पुढं ढकललं होतं. वस्तीवरची काही बिऱ्हाडं पुढं गेली होती, चारा संपला होता. "पर सुक्रवार हाय की हातात," ती म्हणाली. "सुक्रवारी बगू आन् शनवारी जाऊ."

म्हणजे तिच्या हातात एकच दिवस होता आणि त्या दिवसात एकच शो. हे मला नीट माहीत असताना मी पत्रिका छापली.

पत्रिका झाली मात्र झकास. वर 'चि. सिनेमा आणि चि. सौ. कां. प्रेक्षक यांचा शुभविवाह', खाली 'शुक्रवारी सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी', 'तिकीट हाच आहेर', आणि कोपऱ्यात 'आमच्या अक्काच्या पिक्चरला यायचं हं!' चौकाचौकात वाटली, मंद्रूपच्या बाजारात वाटली, वस्तीवर तर हळदीकुंकू लावून दिली. लोक हसत होते, वाचून दाखवत होते. मला वाटलं, बावीस वर्षांचा अनुभव असा कामाला येतो बघा.

शुक्रवारी साडेआठला मी थेटरावर होतो. हार, पेढे, अक्कासाठी मधली खुर्ची. पावणेनऊला वस्तीवर फोन लावला. अक्काचा नवरा म्हणाला, "निगालोच की." आता, आमच्याकडं 'निघालोच' म्हणजे माणूस अजून अंघोळीला गेलेला नसतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी मी ते खरं धरलं. माणसाला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो.

नऊ वाजले. नऊ-पाच. हॉलमध्ये मी, बायको आणि भाची. मॅनेजर माझ्याजवळ आला. माणूस वाईट नव्हता, त्याच्या पण वर कुणीतरी होतं. म्हणाला, "दहा तिकिटं तरी गेली पाहिजेत. नाहीतर पहिलाच शो रद्द दाखवावा लागेल, आणि मग आठवडाच जाईल." मी म्हणालो, तासभर थांबा. त्यानं भिंतीवरच्या पोस्टरकडं बोट केलं. सव्वाअकराला त्यावरच्या मोठ्या हिरोचा शो होता, सगळा भरलेला. "पंधरा मिनिटं थांबतो, अण्णा. त्यापुढं माझ्या हातात नाही."

पंधरा मिनिटं गेली. फोन लागेना. मी दहा तिकिटं काढली, माझ्याच पिक्चरची, आणि पिक्चर सुरू झाला. पडद्यावर अक्का आली. भलीमोठी, डोंगराएवढी. तिच्या कपाळावरचं गोंदण मी इतक्या वेळा एडिटिंगला पाहिलं होतं, पण ते इतकं हिरवं आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला एक मिनिट धड बघवलं नाही. मी दाराशी जायचो, रस्त्याकडं बघायचो, परत यायचो. बायको शेवटी म्हणाली, "बसा हो एका जागी." पण तिची नजर पण दाराकडंच होती.

पावणेअकराला पिक्चर संपायला आला आणि टेंपो आले.

काय सांगू तुम्हाला! दोन टेंपो भरून माणसं. बायका जरीच्या लुगड्यात, गडी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, म्हातारे पटका बांधून. अक्का हिरव्या साडीत, गजरा माळून, हातात मोठं ताट आणि ताटात टॉवेल, टोपी, नारळ, माझ्या बायकोला खण. आहेर! एक म्हातारा मला विचारतो, "पंगत कुटं मांडलीया?" मी अक्काकडं वळलो. तोंडातून एवढंच निघालं, "अक्का, नऊ वाजून दहा मिनिटं लिहिलं होतं ना हो!"

ती गोंधळली. नवऱ्याकडं बघितलं, परत माझ्याकडं. "व्हय की. नऊ-धाची अक्षता म्हंजी अकराला लागतीय न्हवं? आमी तर लवकर आलाव. आपल्या मानसाचं काम हाय म्हनून."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बावीस वर्षं! बावीस वर्षं पत्रिकेवर बारा-पस्तीस लिहिलेलं लग्न दोनला लागताना मी शूट केलं. मी स्वतः कधी पत्रिकेवरच्या वेळेला पोचलो नाही. पत्रिकेवरची वेळ कुणी खरी धरत नाही हे सगळ्या जिल्ह्यात मला जास्त माहीत. आणि मीच त्यांच्या हातात पत्रिका दिली. त्यांनी ती पत्रिकेसारखीच वाचली, त्यांचं काय चुकलं? मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बायकोनं अक्काचा हात धरला आणि पळत आत नेलं. आम्ही सगळे मागे धावलो. आत गेलो तेव्हा पडदा काळा होता आणि त्यावर नावं वर सरकत होती. अक्का वाटेत उभी राहिली. "ही अक्षरं कसली?"

"कामं केली त्यांची नावं. तुमचं पण आहे," भाची म्हणाली.

"कुटं? कंचं?"

भाचीनं पडद्याच्या वरच्या कडेकडं बोट केलं. नाव सगळ्यांत आधी होतं. ते वर निघून गेलं होतं.

दिवे लागले. झाडणारी बाई आत आली, तिनं ही गर्दी बघितली आणि झाडू तसाच धरून उभी राहिली. अक्का हळूहळू पुढं गेली, पार पडद्यापर्यंत. हात लावला. मग मान वर करून डावीकडून उजवीकडं बघितलं. "येवढी मोटी हुते मी?"

"एवढी," मी म्हणालो.

"आगंऽऽ," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. मॅनेजर दाराशी आला होता. सव्वाअकराची गर्दी बाहेर थांबली होती, पण त्यानं दार लोटून घेतलं.

मी हात जोडून म्हणालो, "अक्का, उद्या एक दिवस थांबा. मी गाडी पाठवतो, मी स्वतः येतो न्यायला." तिनं मान हलवली. "मेंडरास्नी काय सांगू, पिच्चर हाय म्हनून उपाशी ऱ्हावा?" मग ताट पुढं केलं. मी म्हणालो, आहेर कशाचा, काही झालंच नाही. तर चिडली माझ्यावर. "लगीन आमाला गावलं न्हाय, म्हनून लागलंच न्हाय व्हय?" आणि थेटराच्या वाटेतच मला टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, बायकोची ओटी भरली. मी रडलो. लाज वाटायचं काही कारण नाही, सगळ्यांसमोर रडलो. शनिवारी पहाटे ती गेली.

पुढच्या सहा दिवसांत वस्तीवरचे राहिलेले, मंद्रूपचे, कुंभारीचे असे बरेच लोक येऊन बघून गेले, आणि नऊच्या आत आले. शिट्ट्या मारल्या, अक्का दिसली की ओरडले. नंतर मोबाइलवर पिक्चर दाखवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं तो घेतला. आता कुठून कुठून फोन येतात. परवा दुधनीहून एक बाई बोलली, कन्नडात, रडत रडत. मला निम्मं कळलं. हे चांगलं झालं असं भाची म्हणते, आणि ते खरंच चांगलं झालं. इथं बसून केलेला पिक्चर कुणी शेतात बसून बघतं, याला मी नावं ठेवणार नाही.

तेच डोक्यात घेऊन मी मागच्या महिन्यात भीमेपलीकडं गेलो. फोनमध्ये पिक्चर घेतला होता. अक्का एका शेताच्या कडेला मेंढ्या बसवून बसली होती. चहा झाला. मी फोन काढला, पिक्चर लावला, तिच्यापुढं धरला. त्यातली ती बोटाएवढी बाई चालायला लागली. अक्कानं एकदा बघितलं आणि माझा हात हळूच बाजूला केला.

"न्हाय अण्णा. ह्यात न्हाय बगनार."

"अहो, सगळ्यांनी ह्यातच बघितलं. तुम्हीच तेवढ्या राहिलात."

"ऱ्हाऊ दे की. मी किती मोटी हाय त्ये मला ठावं झालंय आता." तिनं उठून एका मेंढीला कन्नडात हाक मारली, परत येऊन बसली. "मिरगाच्या आदी आमी म्हागारी येतो. तवा लावा मोट्ट्यावर. आमी समदी येतो."

मी हो म्हणालो. कसा लावणार, कोण देणार शो, जुन्या पिक्चरला दार कोण उघडणार, काही ठाऊक नाही. मॅनेजरकडं दोनदा जाऊन आलोय. पण हो म्हणालो, आणि निघायला उठलो. ती बांधापर्यंत सोडायला आली आणि मागनं म्हणाली, "आन् अण्णा, ह्या टायमाला पत्रिका नगं. फोन करा. आन् वेळ सांगा ती खरी सांगा."