औषधाच्या पेटीतली डबी

पोरगी डोळे उघडत नव्हती. सात महिन्यांची. आईच्या मांडीवर मान टाकून पडली होती, आणि माझ्या मते तिला अफू दिलेली होती.

"किती दिली?" मी विचारलं.

"म्या न्हाई दिली, दादा."

"सगळ्याजणी हेच सांगतात."

बाईचं नाव गिरजा. नवरा आणि जाऊ यांच्याबरोबर ती कापूस वेचायला आली होती. अशी माणसं दर हंगामात जालन्याकडून, निजामाच्या मोगलाईतून यायची. मेहकर, जानेफळ करत पायी घाटाखाली उतरायची आणि गावाबाहेर पालं ठोकून दोन-तीन महिने राहायची. त्यांची नावं आमच्याकडच्या कुठल्याच गावच्या कागदात नसत. त्यामुळे देवीची लस टोचणारा यांच्या पालाशी थांबत नसे, आणि हिवतापाच्या दिवसांत क्विनीनच्या पुड्या गावात वाटल्या तरी यांच्यापर्यंत येत नसत. गावच्या पाटलांना विचारलं तर म्हणत, "ते निजामाचे लोक हायेत. त्याइले निजाम पाह्यते."

मी चार कोसांवर, स्टेशनच्या गावातल्या दवाखान्यात कंपौंडर होतो. म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घोटून, पाजून, बाटलीत भरून देणारा. आमचे डॉक्टर सय्यदसाहेब सब-असिस्टंट सर्जन होते. पालांवरची माणसं फुकट मरतात हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी बुलढाण्याला लिहून परवानगी आणली. दर शुक्रवारी मी औषधाची पेटी घेऊन पालांवर जायचं ठरलं. जो रोगी माझ्या आवाक्याबाहेरचा असेल त्याला मी चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी दाखवली की पाटलांनी आपली दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून त्याला दवाखान्यात पोचवायचं. पाटलांनी कुरकुर करत का होईना, हो म्हटलं. चार कोस आजारी माणूस चालू शकत नाही, म्हणून सगळा खेळ त्या चिठ्ठीवर होता. आणि चिठ्ठीचं पुस्तक माझ्या खिशात.

पहिल्याच दोन आठवड्यांत माझं हसं झालं. दोन बायकांनी निपचित पडलेली पोरं आणली, मी घाबरून चिठ्ठ्या दिल्या, आणि दोन्ही पोरं वाटेतच जागी होऊन भोकाड पसरू लागली. त्यांना अफू दिलेली होती. वेचणीच्या दिवसात हे सर्रास चाले. बाई दिवसभर ओळीतून पुढं सरकणार, पोर बांधावर झाडाखाली. ते रडलं तर हात थांबतो. म्हणून सकाळी बाजरीच्या दाण्याएवढी अफू चाटवायची.

पाटलांनी मला चावडीवर चार लोकांत विचारलं, "काऊन कंपौंडरबाबू, माहे बैल काय झोपलेल्या पोट्ट्याइले हवा खाऊ घालाले हायेत? इकडं कापूस पडून राह्यला."

लोक खदखदून हसले. गावात माझ्या गाडीला अफूवाली गाडी म्हणू लागले. मी मुळात तापट माणूस. हे मला फार झोंबलं.

पुढच्या शुक्रवारी मी पालापालावर जाऊन बायकांना झाडलं. पोरं मरतील, मेंदू जाईल, पुन्हा गोळी दिलीत तर याद राखा. बहुतेकींनी खाली माना घालून ऐकून घेतलं. एकट्या गिरजानं पदराची गाठ सोडली, त्यातली अफूची छोटी टिनाची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "न्या मग. न्हाई द्यायाची." मी खूश झालो. डबी पेटीत टाकली आणि विसरून गेलो.

त्याला आठ दिवस झाले होते.

"दादा, माझी डबी तर तुमच्यापाशीच हाय," गिरजा म्हणाली.

"मग दुसरीकडून मागितली असशील."

"न्हाई हो. पहाटं अंग भट्टीवाणी भाजत व्हतं. आता गार पडलं, पर डोळेच उघडंना."

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. गार, घामेजलेलं. ताप नाही. झालं, माझी खात्री पटली. तिच्या तोंडावर पाणी मारायला सांगितलं, झोपू देऊ नको म्हणालो.

"चिठ्ठी द्या नं, दादा."

"अफूसाठी चिठ्ठी मिळत नाही."

मी पुढच्या पालावर गेलो. दुपारी परत फिरलो तेव्हा गिरजाचं पाल रिकामं होतं. जाऊ म्हणाली, ती लेकरू झोळीत घालून पांदणीच्या वाटेनं दवाखान्याकडं गेली. मला तिचा रागच आला. मी पाटलांकडे जेवलो. मग मला पोचवायला पाटलांनी दमणी जुंपून दिली. साहेबांचा माणूस म्हणून माझी तेवढी बडदास्त असे. दमणीत मी एकटाच होतो. शेजारी दोन माणसं आरामात बसली असती.

दवाखान्यात पोचलो तर गिरजा ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, पाय धुळीनं पांढरे. पोरगी आत टेबलावर. डॉक्टरांनी क्विनीनची सुई नुकतीच दिली होती.

"गोविंदराव, ही बाई सकाळी तुमच्याकडे आली होती?"

"हो साहेब. अफूची केस आहे."

त्यांनी पोरीची पापणी बोटानं वर केली. "इथं या. बाहुली पाहा."

डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला बाहुली म्हणतात. अफूनं ती मोहरीएवढी बारीक होते. कंपौंडरकीच्या पहिल्या वर्षी शिकवतात, आणि पाहायला क्षणभर लागतो. पोरीची बाहुली चांगली मोठी होती. हिवताप डोक्यात गेला होता. असं झालं की घाम येऊन अंग गार पडलं तरी शुद्ध येत नाही. वेळेवर सुई मिळाली तर काही पोरं वाचतात.

"अफू कुठं आहे, गोविंदराव?"

दारातून गिरजा म्हणाली, "यांच्या पेटीत हाय, साहेब."

मी पेटी उघडली. डबी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते पुन्हा पोरीची नाडी पाहू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दिवेलागणीला पोरगी गेली.

गिरजा रडली नाही. पोरीला झोळीत बांधून घेतलं, मग माझ्यासमोर हात पसरला.

"दादा, माझी डबी द्या."

"आता तुला कशाला?"

"जावंचं लेकरू हाय. त्याला लागंल."

मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी डबी दिली. परतीच्या वाटेसाठी मात्र तिला दमणी मिळाली. ज्या दमणीनं मी आलो, तीच.

पुढच्या शुक्रवारपासून डॉक्टरांनी नियम बदलला. आईनं मागितली की चिठ्ठी द्यायची, कंपौंडरनं विचार करायचा नाही. मी मुकाट्यानं देत गेलो. पण पालांवरच्या बायकांनी मला पुन्हा कधी खरं सांगितलं नाही, आणि पदराच्या गाठी कोणीच सोडल्या नाहीत. कितीतरी वेळा गाडी फुकट गेली. पाटील बोलायचे, लोक हसायचे.

फुकट गेलेल्या गाडीनं फार तर बैल दमतात. वैरण खाऊन ते सकाळी पुन्हा उभे राहतात.