मासळीबाजारातला मुक्काम

पाळटोल्याची गोकुळा भानारकर कुठेही मुक्कामाला गेली की आधी दाराची कडी पाही. सोयऱ्याचं घर असो नाहीतर जत्रेतली धर्मशाळा, पिशवी हातातच धरून ती दार लावून पाही, आतून खांद्याने रेटून पाही, आणि मगच चप्पल काढी. गावातल्या बाया तिला हसत. तिचा नवरा बाबुलाल मात्र हसत नसे. ही सवय कुठून आली ते त्याला ठाऊक होतं.

लग्नाआधी गोकुळा वडशाच्या एका नाटक कंपनीत नाचायला होती. दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव रात्रभर नाटकं चालतात; रात्री नाचायचं आणि दिवसा मिळेल त्या जागी झोपायचं. अशाच एका गावी बायांना धानगिरणीच्या कोठारात उतरवलं होतं. दाराला बाहेरून कोयंडा होता, आतून काहीच नव्हतं. सकाळी उन्हं वर आल्यावर, सगळ्या मेल्यासारख्या झोपलेल्या असताना, तीन-चार माणसं आत शिरली. रात्री पुढच्या रांगेत बसून शिट्ट्या मारणारीच ती माणसं. त्यांनी पायल नावाच्या पोरीला केसांना धरून पोत्यांमागे ओढत नेलं. पायल ओरडली तेव्हा एकाने तिच्या तोंडावर बुटाची टाच मारली. गोकुळेच्या हाताला धान जोखायच्या काट्याचं लोखंडी वजन लागलं. तिने ते समोरच्या पाठीत घातलं, मग दुसऱ्याच्या कानशिलावर. गिरणीचे हमाल धावून आले म्हणून त्या वाचल्या. पायलचा जबडा मोडला होता. कंपनीच्या मालकाने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि त्याच रात्री पुढच्या गावी पडदा उघडला. पायल ब्रह्मपुरीकडे आपल्या माहेरी गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. गोकुळेनेही तो हंगाम संपवून पायातले चाळ सोडले.

पुढे ती बाबुलालशी लग्न करून पाळटोल्याला आली. सिंदेवाहीकडचं हे ढिवरांचं, मासेमारांचं गाव, तलावाच्या पाळीला म्हणजे बांधाला लागून. बाबुलाल जाळं टाकी, गोकुळा टोपलं डोक्यावर घेऊन मासोळी विके. वीस-एक वर्षं अशी गेली. मग चाळिशी ओलांडल्यावर तिच्या मनाने पुन्हा उचल खाल्ली. दंडार, टिपऱ्यांवर नाचत रंगणारा झाडीपट्टीचा खेळ, म्हणजे पुरुषांचं काम. बाईचं सोंगही पुरुषच घेणार. गोकुळेने गावातल्या सात बाया जमवल्या आणि बायांचीच दंडार उभी केली. पहिल्या खेळाला पाळीच्या अंधारातून दगड आले. एकीची भुवई फुटली. गोकुळेने तिच्या भुवईवर पदराची चिंधी बांधली, आणि टिपऱ्या पुन्हा वाजू लागल्या.

या ताफ्यात सगळ्यांत सरस नाचायची ती रिंकू. गोकुळेची थोरली बहीण सुगंधा त्याच गावात दिलेली होती, तिच्या मुलाची, मिथुनची ही बायको. मिथुन भद्रावतीकडे कोळशाच्या ट्रकवर होता. आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा, प्यायचा आणि बायकोला मारायचा. पूर्वी कारण लागत नसे. रिंकू दंडारीत गेल्यापासून त्याला कारण मिळालं. रिंकूच्या दंडावरचे वळ गोकुळेने कित्येकदा पाहिले होते. ती मिथुनला बोलवून घ्यायची, शिव्या घालायची. तो खाली मान घालून ऐकायचा, तिचे पाय धरायचा. सुगंधा टायफॉईडने अंथरुणाला खिळली होती तेव्हा लहानग्या मिथुनला गोकुळेनेच सांभाळलं होतं. आपलं बोलणं तो कानाआड करत नाही, असं तिला वाटे.

गेल्या जानेवारीत चंद्रपूरला तीन दिवसांचा लोककला महोत्सव भरला, आणि पाळटोल्याच्या बायांना बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची पाळी होती. मिथुन ट्रकवर गेलेला. रिंकूने आपल्या लहान पोरीला सासूजवळ ठेवलं आणि ती निघाली. बाबुलालला तलाव राखायला मागे राहावं लागलं.

जटपुरा गेटजवळ त्यांना प्रफुल भेटला. महोत्सव समितीतला तरतरीत पोरगा, गळ्यात ओळखपत्र, कानाला फोन. मुक्कामाच्या तीन जागा आहेत, तो म्हणाला. हवी ती घ्या. बाया म्हणाल्या, कुठेही चालेल. गोकुळा म्हणाली, आधी पाहू.

बसस्टँडजवळच्या लॉजवर दार प्लायवूडचं निघालं, खांदा लावताच थरथरलं, आणि न्हाणीच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तीन ताफे आधीच उतरलेले, पुरुष आणि बाया यांच्यामध्ये नुसती एक सतरंजी टांगलेली. तिसरी जागा मूल रोडवरचं समितीच्या अध्यक्षांचं फार्महाऊस. गार हवेच्या खोल्या, जेवणखाण तिथेच, बंदोबस्ताला माणसं. बायांचे डोळे लकाकले. गोकुळेने विचारलं, तिथे आणखी कोण असतं? अध्यक्षांचे पाहुणे येत-जात असतात, प्रफुल सहज म्हणाला.

"मंग आमी नाई येत," गोकुळा म्हणाली.

प्रफुलचा चेहरा उतरला. रिंकू कुरकुरली, की मावशीला सगळीकडे चोरच दिसतात. पण गोकुळेने पिशव्या उचलायला लावल्या आणि सगळ्यांना मासळीबाजारात नेलं. तिथे अन्नपूर्णा मंडल होती. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतीतली ही बाई, नवरा गेल्यावर चंद्रपुरात येऊन ठोक मासोळीचा धंदा करी. गोकुळेची तिच्याशी जुनी देवघेव. दुकानामागे तिचं गोदाम होतं: तीन बाजूंनी पक्की भिंत, खिडकी नाही, मागच्या गल्लीकडे उघडणारं लोखंडी शटर, आणि शटरला आतून कुलूप घालायची सोय. बर्फाच्या पाण्याने फरशी ओली आणि वास असा, की ढिवराच्या पोरींनीही नाकाला पदर लावला. गोकुळेने शटर ओढलं, कुलूप घातलं, लाथ मारून पाहिली. शटर हललं नाही. तिने चप्पल काढली.

"दीदी, इथे तुला यम पण नाय उचलणार," अन्नपूर्णा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या बाया मैदानावर दुसऱ्या ताफ्यांचे खेळ पाहायला गेल्या. रिंकू केस धुऊन बसली होती, म्हणून गोकुळा तिच्यासोबत राहिली. दुपारचा बाजार सुस्तावलेला. अन्नपूर्णा पुढे दुकानात गिऱ्हाईक पाहत होती. गोदामात रिंकू आरसा गुडघ्यावर ठेवून बट काढत होती, आणि गोकुळा टिपऱ्यांच्या दोऱ्या आवळत होती. तेवढ्यात मागच्या गल्लीतून शटरवर थाप पडली.

"मावशी, मी आहो. मिथुन."

रिंकूच्या हातातला कंगवा थांबला. तिने मान हलवली, उघडू नको. बाहेरून मिथुन सांगत होता, की पोरीला ताप चढला आहे, माय घाबरली आहे, रिंकूला घ्यायला आलो, मैदानावरच्या बायांनी इथला पत्ता सांगितला. त्याचा आवाज शुद्धीतला होता. पोरीचं नाव ऐकून रिंकूच उठून उभी राहिली. गोकुळेने कुलूप काढलं.

मिथुन वाकून आत आला. आणि गोकुळेने, जन्माची सवय, त्याच्या पाठीमागे शटर ओढून पुन्हा कुलूप घातलं.

"किती ताप हाय तिले?" रिंकूने विचारलं.

 तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, कपाळावरच्या टिकलीकडे, काजळाकडे. मग म्हणाला, "अख्ख्या चंद्रपुरात तुये फोटू लागले. टरकावरचे पोट्टे मले दाखवून राह्यले."

गोकुळेला तेव्हा कळलं, पण ती हलायच्या आत त्याने फळीवरचा मासे तोडायचा सत्तूर उचलला होता. पहिला घाव रिंकूच्या खांद्यावर बसला. दुसरा तिने तोंड फिरवलं म्हणून गालावरून कानापर्यंत घसरला. ती ओल्या फरशीवर पडली आणि हातापायांवर सरकत भिंतीकडे गेली. तिच्यामागे रक्ताचा फराटा उमटला. मिथुन तिसऱ्यांदा हात उगारत होता, तेव्हा गोकुळा मधे शिरली आणि तिने डाव्या हाताने पातं धरलं. पातंच धरलं. त्याने ते ओढून घेतलं, आणि तिची दोन बोटं मुळापाशी तुटून लोंबली.

आता दुखणं तिला जाणवत नव्हतं. बाहेर अन्नपूर्णा आणि तिची माणसं शटरवर धडाधड मारत होती, उघड म्हणून ओरडत होती. पण किल्ली गोकुळेच्या कमरेला, आणि शटर असं पक्कं, की बाहेरच्यांच्या हातून वाकेना. तिने स्वतःच पारखून घेतलेलं होतं ते.

कोपऱ्यात बर्फ फोडायची लोखंडी पहार होती. गोकुळेने ती उजव्या हाताने उचलली, आणि मिथुन रिंकूवर ओणवा झाला तसा त्याच्या गुडघ्यावर मागून घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो कोसळला, सत्तूर हातातून निसटून फरशीवर घसरत गेला. ती थांबली नाही. तिने पुन्हा गुडघ्यावर मारलं. मग खांद्यावर, मग कानावर. तो "मावशी, मावशी" म्हणत होता. लहानपणी तापात म्हणायचा तसंच, अगदी त्याच सुरात, आणि ती मारत राहिली. रिंकूने भिंतीजवळून हाक मारली तेव्हा कुठे पहार तिच्या हातून गळून पडली. तिने कमरेची किल्ली काढली. रक्ताने ती बोटांतून निसटत होती. कुलूप उघडायला तिला फार वेळ लागला.

सगळ्यांत आधी गाडी घेऊन आला तो प्रफुल. मैदानावर फोन गेला आणि तो समितीची गाडी घेऊन थेट बाजारात शिरला. त्याने रिंकूला उचलून मागच्या सीटवर निजवलं, आपला शर्ट काढून तिच्या गालावर दाबून धरला, आणि सरकारी दवाखाना येईपर्यंत तिच्याशी बोलत राहिला, डोळे मिटू नको म्हणून. गोकुळा पुढे बसली होती. याच पोराला आपण काल कोणत्या नजरेने पाहिलं, ते तिला आठवलं, आणि तिने मान खिडकीकडे वळवली.

संध्याकाळी मैदानावर पाळटोल्याच्या ताफ्याचं नाव पुकारलं गेलं. कुणी आलं नाही. निवेदकाने पुढचं नाव घेतलं.

रिंकू जगली. गालावर टाके पडले, उजवा हात खांद्याच्या वर जाईना. गोकुळेची दोन बोटं गेली. मिथुनचा गुडघा कायमचा ताठला, एक कान बहिरा झाला. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा लावला; गोकुळेलाही उलटसुलट विचारलं. अधिकारी म्हणाला, पहिल्या फटक्यात तो पडला होता ना, मग पुढचे कशाला?

"तो पडला ते मले दिसलं होतं, साहेब," ती म्हणाली. "पण हात थांबला नाई." त्यांनी तसंच लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी सुगंधा दवाखान्यात आली. आधी पोराच्या वॉर्डात बसली, मग गोकुळेच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. सुनेची चौकशी तिने केली नाही.

"तुया अंगाखांद्यावर खेळला तो," ती म्हणाली. "त्याले लंगडा केलं तू."

"दार मी उघडलं, बाई," गोकुळा म्हणाली. "तेवढं मायं चुकलं. पोरीचं नाव घेतलं त्यानं, अन् मी उघडलं."

सुगंधा तिच्या पट्टी बांधलेल्या हातावर थुंकली आणि निघून गेली.

रिंकूची पोर आजीकडेच अडकली होती. सुगंधा तिला द्यायला तयार नव्हती. पट्टी सुटायच्या आत गोकुळा आणि बाबुलाल तिला आणायला गेले. मिथुनच्या चुलतभावांनी दारात लाठ्या काढल्या. बाबुलाल आयुष्यात कधी कुणावर हात न उचललेला माणूस. लाठी डोक्यात बसली तरी तो पोरीला छातीशी धरून तसाच चालत अंगणाबाहेर आला. रक्त पोरीच्या केसांत ठिबकत होतं. रिंकू आता पोरीला घेऊन चंद्रपुरात अन्नपूर्णेकडे असते. एका हाताने मासोळी साफ करायला शिकली आहे. गिऱ्हाइकांनी गालाकडे पाहिलं तर तीही त्यांच्याकडे टक लावून पाहते.

दंडार बंद पडली. गावाने बैठक घेऊन बंद केली असं म्हणतात, पण खरं म्हणजे त्याआधीच बायांचे पाय घरांतून निघेनासे झाले होते. गोकुळा तीन बोटांच्या हाताने टोपलं धरते आणि मासोळी विकते.

जामिनावर सुटून मिथुन गावात आला. ट्रकवरचं काम गेलं, दारूही आईने धाकाने सोडवली. तो काठी घेऊन दिवसभर पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसून असतो, आणि तलावाकडे जायची वाट त्याच्या समोरूनच आहे. गोकुळा रोज तिथून जाते. तो मान वर करत नाही, ती थांबत नाही.

एकदाच, परवाच्या थंडीत, ती त्याच्या समोर पोचली आणि तो जमिनीकडे पाहतच बोलला.

"मावशी, गुडघा लय दुखते."

गोकुळा उभी राहिली. धुक्यात पाण्याच्या कडेला बाबुलाल जाळं उलगडत होता, त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. मिथुनच्या ताठ पायावरची चादर घसरून ओल्या गवतात गेली होती. ती वाकली, चादर उचलून त्याच्या पायावर टाकली.

"दुखनच तो," ती म्हणाली, आणि पाळ उतरून जाळ्याचं दुसरं टोक धरायला गेली.